राजीनाम्यानंतरचा महिना



चालकांनी मला दिलेला विषय आहे 'सरकारी नोकरीतून कलेकडे'. पत्र हाती पडले तेव्हा प्रथम हसू आले. आम्हां संघटनेच्या माणसांचे सारे आयुष्य माणसाला नोकरीवरून काढू नये म्हणून भांडण्यात जाते. आपण होऊन नोकरी सोडणाऱ्यांची बाजू मांडायला मला बोलावणे म्हणजे डॉक्टरला स्मशानाच्या व्यवस्थेवर बोलायला सांगण्यासारखे आहे. पण विचार करता लक्षात आले की या प्रश्नावर माझ्याकडे जितकी माणसे येतात तितकी एखाद्या साहित्यिकाकडेही येत नसतील. साहित्यिकाकडे कवितेची वही जाते, आमच्याकडे राजीनाम्याचा मसुदा येतो.

माझे शाळेतले शिक्षण बेताचे. पुढचे जे काही झाले ते उपनगरातल्या वाचनालयांत आणि डेपोच्या विश्रांतिगृहातल्या बाकावर. तेव्हा विद्वानांनी कलेविषयी जे सांगायचे ते त्यांनी सांगावे. मी हिशेबाविषयी बोलणार आहे.

आपल्याकडे नोकरी सोडून कलेकडे वळलेल्यांच्या कथा एका ठरावीक पद्धतीने सांगितल्या जातात. गृहस्थ कचेरीत कारकुनी करीत होते. मन रमेना. एके दिवशी त्यांनी राजीनामा साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि ताठ मानेने बाहेर पडले. त्यानंतर एकदम कीर्ती, मानपत्रे आणि पुतळा! मला मात्र राजीनामा आणि पुतळा यांच्या मधल्या भागाची उत्सुकता आहे. राजीनाम्यानंतरच्या पहिल्या महिन्याच्या सात तारखेला त्या घरात काय झाले? वाण्याला काय सांगितले? हे चरित्रात बहुधा नसते. असले तर एका ओळीत असते, आणि त्या ओळीत नाव बायकोचे असते.

जुने उदाहरण अण्णासाहेब किर्लोस्करांचे. हा नाटककार रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीतला नोकर. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले, तेव्हा त्याचा कर्ता सरकारी पगारावर होता. हे मी मुद्दाम सांगतो. आधी नोकरी सोडली आणि मग नाटक केले, असा क्रम नाही. आधी नाटक झाले, लोकांनी ते उचलून धरले, आणि मग पूर्ण वेळ मंडळीचा संसार सुरू झाला. १८८२ साली 'सौभद्र' आले. १८८५ साली अण्णासाहेब गेले, वय अवघे बेचाळीस. नाटकमंडळीच्या धकाधकीचा त्यात किती भाग असेल तो असो. पाच वर्षांत त्या माणसाने जे उभे केले त्यावर पुढे कैक बिऱ्हाडे जगली.

परंतु या विषयाचे खरे उदाहरण म्हणजे दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्म, जे. जे. स्कूलमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण. १९०३ च्या सुमारास ते सरकारच्या पुरातत्त्व खात्यात लागले. काम नकाशे काढण्याचे आणि छायाचित्रे घेण्याचे. आपल्या आवडीचे काम आणि वर सरकारी पगार! आमचा एखादा सभासद अशा जागेसाठी सातासमुद्रापलीकडे बदली घेईल. वंगभंगाच्या चळवळीचे वारे वाहू लागले तेव्हा फाळक्यांनी ही नोकरी सोडली.

आता इथे सांगणारे लोक एक उडी मारतात, ती थेट १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्रा'वर. मधली सहा-सात वर्षे कुठे गेली? त्या वर्षांत फाळके छापखान्यात होते. रविवर्म्याची चित्रे छापणारा, मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याच्या बाजूला गेलेला जो शिळाप्रेस होता, त्याच्याशी त्यांचा संबंध आला. मग भागीदारीत स्वतःचा छापखाना, तो पुढे दादरला आला, त्याला नाव मिळाले, आणि भागीदारांशी मतभेद होऊन फाळके तिथूनही बाहेर पडले. म्हणजे एक सरकारी नोकरी आणि एक चालता धंदा, दोन्ही सोडून झाल्यावर, वयाच्या चाळिशीत, पदरी मुले असताना, या गृहस्थाने एका तंबूत ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहिला आणि डोक्यात घेतले की पडद्यावर आपले देव दिसले पाहिजेत. मित्रांना वेड वाटले, आणि मित्रांचे फारसे चुकले असे मी म्हणणार नाही. माझ्याकडे ते सल्ल्याला आले असते तर मीही त्यांना कुठे तरी चिकटवून द्यायचा प्रयत्न केला असता. तेव्हा संघटना नव्हती हे चित्रपटाचे भाग्यच म्हणायचे.

पुढचा हिशेब पाहा. विम्याची पॉलिसी गहाण पडली. त्या पैशावर १९१२ साली लंडनला जाऊन यंत्रे आणली. कोणी भांडवल देईना, तेव्हा कुंडीतल्या बीजाला कोंब फुटून वेल कसा वाढतो याचे रोज थोडे थोडे चित्रण करून ते दाखवले, तेव्हा कुठे एक सावकार विरघळला. तेवढ्याने भागेना, म्हणून सरस्वतीबाईंचे दागिने गेले. या बाईंविषयी आपण फार थोडे बोलतो. कच्च्या फिल्मला कडेची भोके पाडायचे काम त्या रात्री अंधारात बसून करीत. फिल्म धुण्याचे शिकल्या. दिवसा उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांवर प्रकाश पाडीत. आणि कंपनीतल्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक त्यांच्याच चुलीवर होत असे. आमच्या भाषेत सांगायचे तर तीन पाळ्यांचे काम एका माणसाकडून, तेही बिनपगारी. हरिश्चंद्राच्या गोष्टीत राजा सर्वस्व देऊन टाकतो आणि तारामती त्याच्यामागून निघते. त्या गोष्टीसाठी फाळक्यांना फार दूर जावे लागले नाही.

पडद्यावरच्या तारामतीचेही एक सांगितले पाहिजे. बाईमाणूस कामाला मिळेना. शेवटी ग्रँट रोडकडच्या एका उपाहारगृहातला आचारी, अण्णा साळुंके, फाळक्यांच्या नजरेत भरला. नाजूक बांधा, हात सडपातळ. त्याला वाढीव पगार कबूल करून आणले आणि तो तारामती झाला. १९१७ च्या 'लंकादहना'त तर राम तोच आणि सीताही तोच. नोकरी सोडून कलेकडे वळलेल्या माणसांच्या यादीत मी साळुंक्यांचे नाव फाळक्यांच्या बरोबरीने घालतो. त्यांनी निर्णय घेतला तो दोन पैसे जास्त मिळतात म्हणून, आणि यात कमीपणा काही नाही. कलेकडे जाणारा प्रत्येक जण तळमळीनेच गेला पाहिजे असा हट्ट धरणारे लोक स्वतः बहुधा निवृत्तिवेतनावर असतात.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. पैसा आला, मग भांडवलदार आले, १९१८ साली हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, आणि भागीदारांशी पुन्हा बिनसले. फाळके काशीला निघून गेले, तिथे 'रंगभूमी' नावाचे नाटक लिहिले, मग परत आले. बोलपट आल्यावर काळ उलटला. १९३७ साली 'गंगावतरण' केले, तो शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते वारले तेव्हा या धंद्याला त्यांची फारशी आठवण राहिली नव्हती. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला १९६९ साली, म्हणजे पंचवीस वर्षांनी. त्यांनी पुरातत्त्व खात्यातली नोकरी तशीच ठेवली असती तर म्हातारपण निश्चित बरे गेले असते. पण मग आपण इथे त्यांचे नाव घेतले नसते. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीने दुसरी खोडून काढता येत नाही.

आता आपल्या उपनगरांकडे येऊ. पार्ल्याचे पु. ल. देशपांडे हे आकाशवाणीत नोकरीला होते, आणि १९५९ साली दिल्लीत दूरदर्शन सुरू झाले तेव्हाच्या पहिल्या निर्मात्यांपैकी एक होते. ती नोकरी सोडून १९६१ च्या सुमारास 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर उभी केली. इथेही सात तारखेचा प्रश्न होताच. पण हिशेब चोख ठेवणाऱ्या सुनीताबाई घरात होत्या आणि प्रयोगाची सारी व्यवस्था त्यांच्याकडे होती. पुलंनी आपल्याला हसवले, आणि पडद्यामागे तिकिटांचे पैसे जुळतात की नाही हे दुसरेच कोणी पाहत होते.

आता एक उलटे उदाहरण. 'गारंबीचा बापू' लिहिणारे श्री. ना. पेंडसे आमच्या बेस्टमधले. वर्षानुवर्षे त्यांनी बेस्टमध्ये नोकरी केली. 'रथचक्र' १९६२ सालचे, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या बेस्टचा इतिहासही त्यांनीच लिहून ठेवला. दिवसा ट्रामबशींच्या कंपनीत आणि रात्री दापोलीच्या खाडीकाठी, असे त्यांचे दोन ठिकाणी राहणे होते. कंडक्टरांचे तर विचारूच नका. 'बाझी' १९५१ साली आला, त्यातला जॉनी वॉकर हा बेस्टचा कंडक्टर. गर्दीच्या बसमध्ये "पुढे सरका" हे एकच वाक्य दिवसातून चारशे वेळा म्हणायचे आणि चारशेव्या वेळीही लोकांनी सरकावे असे म्हणायचे, याहून मोठी नाट्यशाळा कुठली? दुसरा कंडक्टर बंगळूरचा, घरी मराठी बोलणारा शिवाजीराव गायकवाड. १९७३ साली मद्रासच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये गेला, १९७५ साली पहिला चित्रपट आला, आणि तो रजनीकांत झाला. लोक त्याची चष्मा उडवण्याची ढब सांगतात. मला त्यातली एकच गोष्ट मोलाची वाटते. त्याच्या शिक्षणाच्या काळात त्याच बसवरचा ड्रायव्हर आपल्या पगारातून त्याला पैसे देत होता. ज्याला आम्ही ऐक्य म्हणून भिंतीवर रंगवतो, ते हेच.

निळू फुल्यांचेही थोडक्यात सांगतो. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात ते माळी होते आणि पगारातला काही भाग राष्ट्र सेवा दलाला देत. 'एक गाव बारा भानगडी' १९६८ सालचा. त्यांनी पडद्यावर इतके पाटील आणि सरपंच उभे केले, त्याआधी झाडांना पाणी घालणाऱ्या माणसाने वरच्या माणसांना खालून पुष्कळ न्याहाळले असले पाहिजे, असा माझा आपला तर्क आहे.

मात्र या साऱ्यांत मला सर्वांत जवळचे वाटतात ते नारायण सुर्वे. त्यांचा प्रवास या विषयाच्या चौकटीत बसत नाही, म्हणून तर मी ते घेतले. गिरणी कामगार गंगाराम सुर्व्यांनी उचलून आणून वाढवलेले हे मूल. फूटपाथ, हॉटेल, गिरणी असे करीत मुंबई महापालिकेच्या शाळेत शिपाई झाले. शिपाई असतानाच सातवीची परीक्षा दिली आणि त्याच महापालिकेच्या शाळांत शिक्षक झाले. 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ सालचे, 'माझे विद्यापीठ' १९६६ सालचे. हा माणूस सार्वजनिक नोकरी सोडून कवितेकडे गेला नाही. त्याला सार्वजनिक नोकरी मिळाली म्हणून कविता निश्चिंतपणे लिहिता आली. महिन्याला ठरलेला पगार, ठरलेली वेळ, आजारपणाची रजा, या तीन गोष्टींना कोणी काव्यशास्त्रात जागा देत नाही. माझ्या मते द्यायला हवी. १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. महापालिकेने ज्याला पूर्वी घंटा वाजवायला ठेवले होते तो हा माणूस.

आणि ज्यांना असा पगार कधीच नव्हता त्यांचे काय झाले, तेही उपनगरातच पाहायला मिळते. घाटकोपरच्या चिरागनगरात अण्णाभाऊ साठे राहत होते. १९४४ साली अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढून त्यांनी तमाम महाराष्ट्र जागा केला. चळवळीचे काम हीच त्यांची लोकसेवा, आणि तिला ना सेवापुस्तक ना भविष्यनिर्वाह निधी. पुढे ते लिहीत राहिले. 'फकिरा' १९५९ साली आली, राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, ते रशियाला जाऊन आले. १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावच्या सिद्धार्थनगरात गेले तेव्हा वय पन्नाशीच्या आतच होते. त्यांच्या पुस्तकांच्या आवृत्त्या अजून निघतात. चिरागनगरच्या खोलीत त्या मानाने काही आले नाही.

आता थोडे रुक्ष, पण ज्यांच्या घरात सरकारी नोकर आहे त्यांनी अवश्य ऐकावे. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना 'राजीनामा' आणि 'स्वेच्छानिवृत्ती' हे दोन शब्द एकच वाटतात. राज्य सरकारी नोकरीत राजीनामा दिला की मागची सगळी सेवा जप्त होते, एकोणीस वर्षे असली तरी. वीस वर्षांची अर्हताकारी सेवा पुरी करून तीन महिन्यांची नोटीस दिली तर तीच गोष्ट स्वेच्छानिवृत्ती होते, आणि जुन्या निवृत्तिवेतन योजनेतल्या माणसाला पेन्शन मिळते. अर्ज दोन्हीकडे एकाच पानाचा असतो! १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांचा हिशेब पुन्हा निराळा, तो त्यांनी नीट विचारून घ्यावा. दुसरे, लिहिण्या-गाण्यासाठी नोकरी सोडावीच लागते असे पुष्कळांना वाटते. केंद्र सरकारच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत कामात हयगय न होता अधूनमधून केलेल्या वाङ्मयीन, कलाविषयक वा शास्त्रीय कामाला पूर्वपरवानगीदेखील लागत नाही. साहेब लोक हा नियम आपण होऊन सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो.

या वीस वर्षांच्या नियमाशी माझा जो प्रत्यक्ष संबंध आला तो सांगतो. आमचा एक सभासद, एका सार्वजनिक खात्यात फिटर, ढोलकीचा जबर वादक. कामगार कल्याण केंद्राच्या स्पर्धांत बक्षिसे मिळवलेला. एका तमाशाच्या फडाने त्याला कायमचे बोलावले. दसऱ्याला फड बाहेर पडतो आणि चैत्र-वैशाखात जत्रांचा हंगाम जोरात असतो. रजा घेऊन हे जमणारे नाही. सेवा झालेली सतरा वर्षे आठ महिने. तो राजीनामा लिहून घेऊन आला, सोबत बायको. मी म्हणालो, दोन वर्षे चार महिने थांब. तो म्हणाला, "साहेब, हात आज आहे. दोन वर्षांनी हात हाच राहील आणि फड हाच राहील, हे तुम्ही लिहून देता का?" मी लिहून देऊ शकत नव्हतो. बायको तोवर गप्प होती. ती एवढेच म्हणाली, "यांचं ढोलकीचं खरं आहे. पण मला दोन पोरींच्या फिया भरायच्या आहेत."

तो थांबला. त्या काळात तो कामावर कमालीचा कडू झाला होता, हे त्याच्या सोबतच्यांनी मला सांगितले. त्या फडाने दुसरा ढोलकीवाला घेतला. वीस वर्षे भरल्यावर त्याने नोटीस दिली, आणि आता तो दुसऱ्या, लहान फडात आहे. पेन्शन घरी येते, मुली शिकल्या. पहिल्या फडाबरोबर तो गेला असता तर आज कुठे असता, हे त्यालाही ठाऊक नाही. कोणी विचारले तर मी आजही तोच सल्ला देईन. पण त्या अडीच वर्षांची किंमत काहीच नव्हती असे मात्र कोणी मला म्हणायला लावू नये.

आता ज्यांना हा पेचसुद्धा पडत नाही, त्यांच्याविषयी बोलतो. आपल्या उपनगरांतून आज ज्या बसगाड्या धावतात त्यांतल्या पुष्कळशा भाडेतत्त्वावरच्या आहेत आणि त्यांवरचे ड्रायव्हर कंत्राटदाराचे नोकर आहेत. सफाई, पहारा, रुग्णालयातली कामे, कुठेही जा, कंत्राट. या मुलांत गाणारे आहेत, चित्रे काढणारे आहेत, मोबाइलवर छोटे चित्रपट करणारे तर घरोघर आहेत. असा एक पोरगा मला म्हणाला, "काका, मी सोडू काय? मला नेमणुकीचं पत्रच नाही." पूर्वीच्या माणसापुढे निदान सुरक्षित पगार आणि कला यांतून निवड करण्याचा प्रसंग तरी येत असे. याच्यापुढे दोन्ही बाजूंना वाळूच आहे. लोक म्हणतात, आता पोटासाठी कायम नोकरीला चिकटून राहणारे राहिले नाहीत, तरुण पिढी धाडसी झाली. सुटायला धरलेले काहीच नसेल तर त्याला धाडस म्हणावे का, याचा विचार करा. कायम नोकरीची आमची मागणी ही आळशी लोकांची मागणी आहे असे वर्तमानपत्रांतून लिहिले जाते. सुर्व्यांना शिपायाची जागा कंत्राटी मिळाली असती तर सातवीच्या परीक्षेसाठी कोणाचा दिवा जळला असता, हे त्या लिहिणाऱ्यांनी सांगावे.

जागेचाही प्रश्न आहेच. मुलुंडला कालिदास आहे, बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे, पार्ल्याला दीनानाथ. प्रयोगाला ही नाट्यगृहे उत्तम. पण प्रयोगाच्या आधी दोन महिने तालमी कुठे करायच्या? गिरणगावात एके काळी चाळीच्या गच्चीवर, व्यायामशाळेत, मंडळाच्या खोलीत तालीम होत असे. इथे सोसायटीच्या सभागृहात रात्री आठनंतर ढोलकी वाजली की खालच्या मजल्यावरून फोन येतो. १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याणाचा निधी सुरू झाला, त्यातून केंद्रे उभी राहिली, कामगारांच्या नाट्यस्पर्धा सुरू झाल्या. कित्येक चांगले नट दिवसपाळी करून त्या स्पर्धांतून पुढे आले. त्या केंद्रांच्या चाव्या संध्याकाळी सातनंतर कोणाकडे असतात, एवढी चौकशी या सभेतल्या दहा जणांनी आपापल्या भागात उद्या केली तरी मला येथे येण्याचे सार्थक वाटेल.

मघाच्या ढोलकीवाल्याला मी आज या सभेला बोलावले होते. पण सध्या जत्रा सुरू आहेत. त्याने निरोप पाठवला की नारायणगावाकडे सुपारी आहे, ती सोडता येत नाही. मला हा निरोप फार आवडला.  कोणाला पेन्शनविषयी विचारायचे असेल तर मी सभेनंतर बाहेर थांबतो.